कान्फ्रांकची झडतीबाई

कान्फ्रांकच्या स्टेशनात, स्पेनच्या बाजूच्या जकात कचेरीमागे, एक लहानशी खोली होती. आत एक लोखंडी शेगडी, एक खुर्ची, भिंतीला चार खुंट्या आणि वर दुधी काचेची खिडकी. फ्रान्सकडून बोगद्यातून गाडी आली की ज्या बायकांवर साहेबांची नजर ठरायची त्यांना या खोलीत पाठवत, आणि ओरोसिया लाकास्ता त्यांची झडती घ्यायची. बावीस वर्षं तिनं हे काम केलं. सरकारी कागदावर तिच्या हुद्द्याला भारदस्त नाव होतं. गावात तिला झडतीबाई म्हणत, तेही ती समोर नसताना.

तिचे हात बारमाही गार असायचे. बाया कपडे उतरवून कुडकुडत उभ्या राहायच्या आणि ओरोसिया आपली शेगडीवर हात धरून उभी.

"उरक की गं बाई, गाडी सुटेल माझी."

"गार हात लागले की शिव्या देता. मग थांबा जरा," ओरोसिया म्हणायची.

नायलॉनचे मोजे, सॅकरिनच्या पुड्या, लायटरचे दगड, घड्याळं, पेनिसिलिनच्या कुप्या. त्या काळात स्पेनमध्ये जे जे मिळत नव्हतं ते ते बायकांच्या अंगावरून बोगद्यातून यायचं. सापडलं की रडारड. नाही सापडलं तरी बाई कपडे चढवून जाताना ओरोसियाकडे बघायची नाही.

या बोगद्याशी तिचं नातं जन्माआधीचं. बाप तेरुएलकडून खोदकामाला आला तो इथलाच झाला. दोन्ही देशांचे मजूर दोन्ही बाजूंनी डोंगर पोखरत होते, आणि सन एकोणीसशे बाराच्या ऑक्टोबरात मधली भिंत फुटली. बाप सांगायचा, "आधी पलीकडून वास आला, त्यांच्या तंबाखूचा. मग हसण्याचा आवाज. मग दिवा." ओरोसिया त्यानंतर दोन वर्षांनी मजुरांच्या वस्तीत जन्मली. खोदलेल्या दगडाची धूळ बापाच्या छातीत बसली होती. तो खोकून खोकून गेला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, अठ्ठावीस साली, त्या बोगद्यातून पहिली गाडी आली. त्या दिवशी राजा आला होता, पलीकडचा अध्यक्षही आला होता. ओरोसियाला गर्दीत फक्त टोप्या दिसल्या.

पुढे बोगद्याचं नशीब कधी उघडं, कधी बंद. छत्तीसला आपसातली लढाई पेटली तेव्हा आपल्याच लोकांनी आत भिंत घातली. मग ती फोडली. जर्मनांच्या लढाईत माणसं इकडे पळून आली, माल तिकडे गेला, कोण काय नेतंय हे कोणी कोणाला विचारलं नाही. मग पुन्हा कुलूप. ओरोसियाचा नवरा फर्मिन सरहद्दीवरच्या पोलिसांत होता. सत्तेचाळीसच्या जानेवारीत, ज्या बोगद्यातून कोणी जात नव्हतं त्याच्या तोंडाशी तो पहारा करत असताना, वरून बर्फाचा कडा सुटला आणि चौकीसकट त्याला घेऊन गेला. मूलबाळ नव्हतं. पुढल्या वर्षी बोगदा उघडला, तेव्हा पोलिसाची विधवा म्हणून तिला ही नोकरी मिळाली.

नोकरी मिळाली आणि गाव तुटलं. कोणी भांडलं नाही तिच्याशी. पावाच्या दुकानात ती शिरली की चाललेलं बोलणं तिथंच थांबायचं, एवढंच. धुण्याच्या हौदावर तिच्या शेजारचा दगड रिकामा राहायचा. गावातली कुठली बाई आतून काय नेसते, कुणाच्या पाठीवर कसला वळ आहे, हे सगळं या एका बाईला ठाऊक. मग तिच्याशी हसून बोलणार कोण?

एकच जण यायची. बेनिता एस्कार्तिन. मजुरांच्या वस्तीत दोघी एका चिखलात खेळलेल्या. बेनिताचा नवरा रेल्वेत होता, मुलगी आदेला पाच वर्षांची. घरात तिसरं माणूस म्हणजे नणंद, सेवेरिना. ही सेवेरिना बिनलग्नाची, दोघींपेक्षा वयानं मोठी, वाणसामानाच्या दुकानात कामाला. दुकानातल्या सगळ्या पाट्या तीच लिहायची. तिच्या अक्षरांना खाली लांब शेपट्या असायच्या. बेनिता रविवारी शिवण घेऊन ओरोसियाकडे यायची. दोघी चेस्टनट भाजायच्या आणि बोटं भाजत सोलायच्या.

एक्कावन्नच्या शरदात बेनिता पलीकडे ओलोरोनला भावाकडे गेली. लढाईनंतर भाऊ तिकडेच राहिला होता. ती परत यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ओरोसियासमोर एक चिठ्ठी ठेवली. निनावी होती. बेनिता एस्कार्तिन उद्याच्या गाडीनं येत आहे, परकराच्या शिवणीत घड्याळं आहेत, नीट बघावं.

अक्षरांना खाली लांब शेपट्या होत्या.

"तुमच्या ओळखीची आहे म्हणे ही," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"मग नीट बघा. आणि चिठ्ठीचं बाहेर गेलं तर उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी बेनिता खोलीत आली ती हसतच. तिला वाटलं, गंमत चाललीय.

"काय गं, झडतीला दुसरी माणसं संपली वाटतं?"

"परकर काढ, बेनिता."

"ओरोसिया?"

"काढ."

साहेब दाराबाहेर उभे होते. ओरोसियानं त्या परकराची शिवणन् शिवण चाचपली. परकर कसला, ठिगळावर ठिगळ होतं. नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचं एक, पिठाच्या पोत्याचं एक, त्यावर गिरणीची निळी अक्षरं अजून वाचता येत होती. प्रत्येक ठिगळाखाली बोट घालून बघावं लागलं. घड्याळ नव्हतं, काही नव्हतं. बेनिता भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे थरथरत होते. ओरोसियाला वाटलं, थंडीनं.

त्या आठवड्यात ओरोसियानं खालच्या हाका शहरातून फ्लॅनेलचं कापड मागवलं आणि बेनिताच्या दारात ठेवून आली. रविवारी चर्चसमोर, सगळं गाव प्रार्थनेहून बाहेर पडत असताना, बेनितानं ते तिच्या पायाशी टाकलं.

"तुझं सरकारी कापड. माझं अंग झाकायला माझी ठिगळं पुरेत," ती म्हणाली आणि सेवेरिनाचा हात धरून निघून गेली.

त्यानंतर एकोणीस वर्षं दोघी बोलल्या नाहीत. गाव केवढं? एक रस्ता. दिवसातून चारदा समोरासमोर यायच्या. बेनिताचा नवरा गेला तेव्हा ओरोसिया मातीला गेली आणि सगळ्यात मागे उभी राहिली. आदेलाचं लग्न बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी, फोर्ज दाबेलच्या वीजघरात काम करणाऱ्या फ्रेंच पोराशी झालं. ते तिला पावाच्या दुकानातल्या थांबलेल्या बोलण्याच्या शेपटावरून कळलं.

सत्तरच्या मार्चमध्ये पलीकडच्या उतारावर मक्यानं भरलेली एक मालगाडी घसरली आणि तिच्याखाली पूल गेला. माणूस मेलं नाही. पण पूल पुन्हा बांधायचा कोणी, यावर फ्रान्सवाले काही बोलेनात आणि बोगद्यातून गाडी येणं थांबलं. माणसांची ने-आण करायला वरच्या घाटातून बस सुरू झाली. जकातीचे लोकही हळूहळू घाटावर गेले. ओरोसियाची मात्र बदली झाली नाही. तिच्या नावाचा कागद कुठल्या तरी टेबलावर राहून गेला. ती रोज आठला यायची. शेगडी पेटवायची आणि खुर्चीत बसायची. अडीचशे पावलं लांबीच्या त्या स्टेशनात, जिथे एका फलाटावर दोन देशांची माणसं ओरडत असायची, तिथे छपरावरून बर्फ घसरल्याचा आवाज तेवढा यायचा.

पुढल्या फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडलं. घाट बंद, बस बंद. चौथ्या दिवशी सकाळी स्टेशनमास्तरच्या खोलीत आरडाओरडा ऐकून ओरोसिया दारापर्यंत गेली. आत बेनिता होती. वीजघरातून फोन आला होता: आदेलाला कळा सुरू झाल्या आहेत, पलीकडचा रस्ताही दरड आणि बर्फानं बंद, सुईण खालच्या गावात अडकलीय. बेनितानं गावातली निम्मी पोरं आपल्या हातांनी जगात आणली होती.

"बोगदा आहे ना? आठ किलोमीटर. मी चालत जाते," ती म्हणत होती.

"बाई, परवानगी झारागोसाच्या कचेरीतून लागते, आणि तिकडची लाइन बंद आहे. उद्यापर्यंत थांबा," स्टेशनमास्तर हात जोडायचाच बाकी होता.

"पोर उद्यापर्यंत थांबेल का, विचारा त्याला!"

बेनिता तडक बाहेर पडली ती रुळावरूनच चालायला लागली. ओरोसिया खोलीत परतली. बापाच्या वेळचा कार्बाइडचा दिवा कपाटात होता. वीज गेली की ती तोच लावायची. तिनं कार्बाइड उरलंय ना ते डबा हलवून बघितलं, सरकारी टोपी डोक्यावर घातली आणि मागून निघाली.

बोगद्याच्या तोंडाशी पहाऱ्यावरच्या शिपायानं बेनिताला अडवलं होतं. ओरोसिया धापा टाकत पोचली.

"सोड तिला. ती माझ्याबरोबर आहे."

"कुठे, ओरोसियाबाई?"

"झडती घ्यायचीय."

"बोगद्यात?"

"सरहद्द कुठे आहे? आतच आहे ना? मग तिथेच घेणार. नियम विचारायचा असेल तर झारागोसाला फोन लाव."

शिपायाला झारागोसाची लाइन बंद असल्याचं माहीत होतं. त्यानं एकदा टोपीकडे पाहिलं, मग बाजूला झाला. "पाचला पहारा बदलतो, बाई," एवढंच म्हणाला.

तोंडाशी माणसाएवढे हिमाचे सुळे लोंबत होते. आत गेल्यावर थंडी कमी झाली आणि पाण्याची टपटप सुरू झाली. वारा समोरून, फ्रान्सकडून येत होता. बेनिता पुढे, ओरोसिया दिवा घेऊन मागे, अशा दोघी रुळांमधल्या लाकडांवरून चालत होत्या.

"तुला कोणी बोलावलं होतं?" शेवटी बेनिता म्हणाली.

"दिवा होता का तुझ्याकडे?"

"मेणबत्ती आहे."

"या वाऱ्यात दहा पावलं टिकली नसती."

पुन्हा लाकडांवर पावलं. मग बेनिता मागे न बघता म्हणाली, "इथे तरी खरं सांग. गाडीतून शंभर बाया उतरायच्या. त्यात चोर मीच दिसले तुला?"

"चिठ्ठी आली होती."

बेनिता थांबली. ओरोसिया तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिली.

"कुणाची?"

त्या क्षणी ओरोसियाच्या डोळ्यांपुढे अक्षरांच्या शेपट्या आल्या. आणि सेवेरिनाही आली, आत्ता या वेळी घरी चुलीपाशी बसून वहिनीची वाट बघणारी. नवरा गेल्यावर बेनिताला दुसरं होतं कोण?

"निनावी होती."

"अक्षर? तुला वाचता येतं."

"वाचता येतं. ओळखता येत नाही."

"आणि एकोणीस वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर नोकरी गेली असती."

"मी गेले ते चाललं?"

दिवा फुरफुरत होता.

"झडती मी विसरलेही असते," बेनिता चालता चालता बोलू लागली, "काम आहे, पोटासाठी केलंस. पण तू ते कापड पाठवलंस. भिकारणीच्या दारात ठेवावं तसं."

"तू थरथरत होतीस. मला वाटलं, थंडी वाजतेय."

"लाज वाटत होती मला, मूर्ख बाई! थंडी कसली?"

आवाज पुढे गेला, कुठेतरी आपटला आणि परत आला. ओरोसिया म्हणाली, "मला कळलं नाही गं." आणि थोड्या वेळानं, "तेव्हाही नाही, नंतरही नाही. आत्ता कळतंय."

बेनितानं चाल थोडी सावकाश केली, म्हणजे दिव्याचा उजेड दोघींच्या पायांवर पडू लागला. पुढे भिंतीवर रंगानं ओढलेली रेघ लागली. रेघेच्या अलीकडे एका देशाचं अक्षर, पलीकडे दुसऱ्याचं. बेनितानं रेघेपाशी उभं राहून दोन्ही हात पसरले.

"घे. शिपायाला सांगून आलीयस ना? घे झडती."

ओरोसिया दिवा घेऊन नुसती उभी. टोपी कपाळावर सरकलेली, नाकाला पाणी. तिचं ते ध्यान बघून बेनिताला आधी खोकला आल्यासारखं झालं, मग ती हसायला लागली. ओरोसियाही हसली. हसू बोगदाभर झालं, दोन बायकांचं वाटेना.

"चल, पोर अडलीय तिकडे," बेनिता डोळे पुसत म्हणाली.

आदेलाला दुपारी मुलगी झाली. आतल्या खोलीत काय चाललंय ते ओरोसिया स्वयंपाकघरात बसून ऐकत होती. पाणी तापवून द्यायचं काम तिचं. जावयानं तिला दुधाची कॉफी आणि पाव दिला आणि आपण खिडकीपाशी जाऊन रडला. बाळाचा आवाज आला तेव्हा तो आत धावला. ओरोसिया उठली, दोन पावलं गेली आणि परत बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं नाही यात कोणाचा दोषही नव्हता. असल्या वेळी घरच्या माणसाला घरचंच माणूस दिसतं.

तीनच्या आत निघायला हवं होतं. बेनिता बाह्या सारलेल्या तशीच दारात आली.

"राहा की आजची."

"पहारा बदलायच्या आत पोचायला हवं. तो पोरगा अडकेल."

"दिवा पुरेल?"

"पुरेल."

"सेवेरिनाला सांग, मी लवकर येते. तिला एकटीला जेवण जात नाही."

"सांगते."

बेनितानं तिच्या टोपीवरचं कोळिष्टक काढलं आणि आत गेली.

जाताना उतार होता, येताना चढ. वारा आता पाठीत होता आणि आपल्याच पावलांचा आवाज मागून कोणी येतंय असा यायचा. ओरोसियाला भीती वाटली नाही. बापानं फोडलेल्या या दगडातून ती छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा आरपार गेली होती. हजारो बायका इथून आल्या, त्यांच्या कपड्यांना पलीकडच्या साबणाचा वास असायचा, पण पलीकडे जाऊन यावं असं काम तिला कधी निघालं नव्हतं. रंगाच्या रेघेपाशी ती थांबली. मग जे नाव एकोणीस वर्षं तोंडातून काढलं नव्हतं ते तिनं मोठ्यानं उच्चारलं. "सेवेरिना." नाव दूरवर गेलं, विरलं. कोणी ऐकलं नाही. ती चालू लागली.

पाचला दहा कमी असताना ती बाहेर आली. शिपाई वाचला, पण स्टेशनमास्तरनं वर कळवलं होतं. महिन्याभरात दोन कागद आले: एकात ठपका, दुसऱ्यात पेन्शन. टेबलावर राहून गेलेलं तिचं नाव असं सापडलं.

बोगद्यातून बाहेर आली त्या संध्याकाळी मात्र ती प्रथम बेनिताच्या घरी गेली. सेवेरिनानं दार उघडलं. निरोप ऐकून घेतला.

"येईल ना परत?" तिनं विचारलं.

"लवकर येते म्हणाली."

बेनिता लवकर आली नाही. आदेलाच्या अंगात ताकद येईना, म्हणून उन्हाळ्यापर्यंत राहिली. मग दुसरं मूल झालं. मग जावयाची बदली खाली ओलोरोनला झाली आणि तिथे भाऊही होता. वर्षातून एकदा बसनं यायची, चार दिवस राहायची, आणि पिशवीत आणखी थोडं सामान घेऊन परत जायची.

पत्रं यायची ती सेवेरिनाच्या नावानं. पहिलं पत्र घेऊन सेवेरिना ओरोसियाच्या दारात उभी राहिली. "चष्म्यातून नीट दिसत नाही हल्ली," म्हणाली. ओरोसियानं वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, ओरोसियाला आठवण सांग. त्यानंतर ते ठरूनच गेलं. पत्र नसलं तरी थंडीच्या दुपारी सेवेरिना यायची, दोघी लसूण घालून पावाचा चुरा परतायच्या, पत्ते खेळायच्या. उत्तर लिहायला सेवेरिनाला चष्म्याची अडचण यायची नाही. ओरोसिया समोर बसून त्या अक्षरांच्या शेपट्या कागदावर उमटताना बघायची आणि बोलायची नाही. घरात दोन माणसं होती, पण ओरोसियाला तेव्हा जेवढं एकटं वाटायचं तेवढं रिकाम्या स्टेशनातही कधी वाटलं नव्हतं. तरी सेवेरिना एखाद्या दुपारी आली नाही तर ती चारदा खिडकीशी जायची.

एकदा, बाहेर बर्फ भुरभुरत असताना, पत्ते पिसता पिसता सेवेरिना म्हणाली, "बेनिता भावाकडे जायची ना पूर्वी, मला झोप लागायची नाही. वाटायचं, एक दिवस ही तिकडेच राहील. मी कुणाच्या तोंडाकडे बघू मग?"

ओरोसियानं चुलीत एक लाकूड सारलं.

"माणूस भीतीपोटी काय काय करतं," सेवेरिना म्हणाली. पत्ते तिच्या हातात तसेच राहिले होते. ती पुढे काही सांगेल म्हणून ओरोसिया थांबली, आणि सांगू नये म्हणूनही.

"वाट पत्ते," ती अखेर म्हणाली. सेवेरिनानं वाटले.

त्र्याऐंशीच्या मार्चात सेवेरिना गेली, तीन दिवसांच्या तापानं. औषधपाणी ओरोसियानंच केलं. बेनिता जावयाच्या मोटारीनं घाटातून आली. स्मशानात माती लोटून झाल्यावर माणसं पांगली तरी ती उभीच राहिली. ओरोसियाचा दंड धरून म्हणाली, "माझ्यावर हिच्याइतका जीव कुणी लावला नाही गं."

"नाहीच," ओरोसिया म्हणाली. आणि ते काही खोटं नव्हतं.

"तू चल ना माझ्याकडे. आठ दिवस तरी."

"बघू. उन्हाळ्यात."

घर रेल्वेचं, ते परत करायचं होतं. बेनितानं भांडी वाटून टाकली, कपडे चर्चला दिले. मोटारीत बसताना तिला आठवण झाली: "कोंबड्या राहिल्या की! सेवेरिनाच्या."

"मी नेते," ओरोसिया म्हणाली.

पाच होत्या. दोन खेपांत तिनं त्या शालीखाली झाकून आपल्या परसात आणल्या. जागा नवी, म्हणून त्या कोपऱ्यात गोळा होऊन बसायच्या आणि दाणे टाकले तरी ती आत गेल्याशिवाय टिपायच्या नाहीत. कित्येक दिवस अंडं नव्हतं. ती रोज सकाळी गवत चाचपून यायची, त्यांच्याशी चार शब्द बोलायची, आत जायची. एप्रिलच्या मध्यावर एक अंडं मिळालं. तिनं ते उकडलं आणि चुलीपाशी उभ्याउभ्याच, मीठ लावून, खाल्लं.